वेप, सिगारेट आणि विडी: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. पूर्वी लोक येऊन विचारायचे, "मॅडम, विडी कशी सोडू?" आता कॉलेजची मुलं, त्यांचे आईवडील, यंत्रमागावरचे कामगारसुद्धा विचारतात, "सिगारेटपेक्षा वेप, म्हणजे ई-सिगारेट, बरा ना?" याचं उत्तर विचारणारा कोण आहे त्याप्रमाणे बदलतं. वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला एक उत्तर, आणि ज्याने आजवर काहीच ओढलेलं नाही अशा सतरा वर्षांच्या मुलाला दुसरं. खालची सगळी उत्तरं हा फरक धरून वाचा.

वेपमधून येतो तो धूर की वाफ?

खरं तर दोन्ही नाही. वेपच्या आत एक छोटी बॅटरी, तारेचं वेटोळं आणि त्याला लागून कापूस असतो. कापसात एक गोडसर द्रव मुरलेलं असतं. झुरका मारला की तार तापते, द्रवाचे अतिशय बारीक थेंब होतात आणि ते धुक्यासारखे छातीत जातात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. पाण्याची वाफ समजून "यात काय एवढं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. घशाला वाफ दिल्यासारखा हा प्रकार नाही.

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. झुरका ओढताना तिच्या टोकाचं तापमान सुमारे ९०० अंशांवर जातं. वेपमध्ये जळत काही नाही, तापतं. दोन्हींच्या धोक्यातला मोठा फरक इथूनच सुरू होतो.

आडपडदा न ठेवता सांगा, जास्त वाईट काय?

सिगारेट. आणि विडीही.

तंबाखू जळला की धुरात ७,००० हून जास्त रसायनं तयार होतात. त्यातली किमान ७० कॅन्सर करणारी आहेत. फुप्फुसात चिकटणारं डांबर आणि रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड, हे दोन्ही जळण्यातूनच येतात. वेपमध्ये जळणं नसल्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास तपासून सांगितलं, की सिगारेट पूर्ण बंद करून वेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात जाणारी बरीचशी विषारी द्रव्यं कमी होतात. हे मी लपवणार नाही. आपल्याकडे काही जण तरुणांनी वेपला हात लावू नये म्हणून "दोन्ही सारखंच विष" असं सांगतात. पोरांना ते खोटं वाटतं, मग आपलं पुढचं बोलणंही ती ऐकत नाहीत.

पण "कमी वाईट" म्हणजे "चांगलं" होत नाही. वेपच्या धुक्यात फॉर्मल्डिहाइड कमी प्रमाणात का होईना सापडतं. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं असे धातूंचे कण येतात. द्रव संपत आलं आणि कोरडा कापूस तापला, की ही घाण वाढते. शिवाय सिगारेट ही कुठल्याही वस्तूची धोक्यात तुलना करायला फार सोयीची, कारण तिच्यापुढे जवळपास सगळंच सौम्य दिसतं. जो माणूस सध्या ओढतच नाही त्याने वेपची तुलना सिगारेटशी न करता मोकळ्या हवेशी करावी.

"वेप ९५ टक्के कमी घातक" असं मोबाइलवर वाचलं. खरं का?

हा आकडा इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ च्या अहवालात वापरला आणि तिथून जगभर पसरला. त्याचं मूळ २०१४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात आहे. काही तज्ज्ञांनी एकत्र बसून निरनिराळ्या तंबाखू-पदार्थांना धोक्याप्रमाणे गुण दिले होते. म्हणजे तो त्या तज्ज्ञांचा अंदाज होता, हजारो वेपवाल्यांना वर्षानुवर्षं तपासून काढलेलं माप नव्हे. त्यावर पुढे बरीच टीका झाली. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडसाठीच मोठा अहवाल केला. त्याचं म्हणणं असं, की थोड्या आणि मध्यम काळापुरतं बघितलं तर वेपचा धोका सिगारेटच्या धोक्याचा एक लहानसा हिस्सा आहे, पण तो निर्धोक नाही, विशेषतः न ओढणाऱ्यांसाठी.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे विकल्या जाणाऱ्या वेपमध्ये निकोटीन किती असावं याला मर्यादा आहे: एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. काही घातक रसायनं द्रवात घालायला बंदी आहे. सोलापुरात कुणी पुण्याहून आणलेला, कुणी फोनवरून मागवलेला वेप असतो. तो कुठे भरला, त्यात काय भरलं, हे कुणीच तपासलेलं नसतं. इंग्लंडचा आकडा तिथल्या तपासलेल्या मालाचा आहे. तो आपल्या चोरून आलेल्या मालाला लावणं चूक आहे.

पण आमच्या पूर्व भागात विडीच चालते. ती पानाची, नैसर्गिक. ती तरी बरी ना?

हा गैरसमज सोलापुरात सगळ्यात खोल रुजलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विडीत तंबाखू थोडा असतो, साधारण सिगारेटच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. त्यावरून लोकांना वाटतं की नुकसानही तेवढंच. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा झुरके मारावे लागतात, तेही छाती भरून. तिला फिल्टर नसतो. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा जास्तच आत जातं.

भारतातलीच आकडेवारी आहे. देशभरातल्या ११ लाख घरांतल्या मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या बायकांचं ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं १० वर्षांनी. पुरुषांचा विडीचा आकडा सिगारेटपेक्षा लहान दिसतो म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न, नातवाची शाळा, निवृत्तीनंतरचा निवांतपणा. त्याच अभ्यासात दिवसाला सातपर्यंतच विड्या ओढणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. आपल्याकडे ओढणाऱ्यांचे जीव कॅन्सरइतकेच टीबी, दमा आणि हृदयविकार घेतात. यंत्रमागाच्या कारखान्यात आधीच कापसाची धूळ छातीत जाते. त्यावर विडीचा धूर म्हणजे फुप्फुसांना दुहेरी मार.

"नैसर्गिक" या एका गोष्टीवर विश्वास ठेवू नका. जळणारं पान कुठलंही असो, त्याचा धूर हा धूरच.

विडी ओढत नाही, फक्त वळते. मला काय धोका?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येतात, सोबत बहुधा मुलगी असते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखूचा चुरा, समोर दोऱ्याची रीळ. बोटं इतकी सरावलेली की बोलताबोलता विडी वळून होते. पण तो चुरा उडतो, नाकात जातो, हाताच्या कातडीतूनही निकोटीन शिरतं. खोकला, डोकं दुखणं, मळमळ, मान-पाठ धरणं या तक्रारी सर्रास असतात.

काय करता येईल ते सांगते. खिडकी-दार उघडं ठेवून किंवा ओट्यावर बसून वळा. नाकातोंडावर ओढणी बांधा, किंवा मास्क असेल तर उत्तम. जेवणाआधी आणि तान्ह्याला जवळ घेण्याआधी साबणाने हात धुवा. तंबाखू स्वयंपाकघरात आणि बाळ झोपतं त्या खोलीत ठेवू नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना "मी विड्या वळते" हे आपण होऊन सांगा, ते विचारतीलच असं नाही. कामच सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. त्या मजुरीवर घर चालतं हे मला दिसतं.

मग विडी-सिगारेट सोडायला वेप घेऊ का?

परदेशातल्या अभ्यासांत याला आधार सापडतो. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. वेप दिलेल्यांपैकी वर्षभराने १८ टक्के सिगारेटपासून दूर होते. निकोटीनची गम, पॅच वगैरे दिलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होतं. दोन्ही गटांना समुपदेशनही होतं. नंतर बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही चित्र असंच दिसलं.

याच चाचणीतली दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. वेपच्या मदतीने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षभराने वेप ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत अजूनही ते वापरणारे फक्त ९ टक्के होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटीन सुटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं, की सर्वसामान्यांना सहज विकले जाणारे वेप लोकसंख्येच्या पातळीवर सिगारेट सोडवायला उपयोगी पडतात असं सिद्ध झालेलं नाही.

आणि आपल्या देशात तर वेप विकायलाच बंदी आहे. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतील असा तपासलेला वेप इथे मिळतच नाही. म्हणून सोलापुरात बसून माझं उत्तर "घेऊ नका" असंच आहे. गम, पॅच आणि औषधं इथल्या मेडिकलमध्ये मिळतात, कायदेशीर आहेत, डोस ठरलेला आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

दिवसभर वेप, रात्री जेवणानंतर एकच सिगारेट. एवढं चालेल?

नाही चालणार. असं करणारे सगळ्यात जास्त भेटतात आणि त्यांना वाटतं की आपण जवळजवळ सोडलंच. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जास्तीच्या धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, असं २०१८ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. हिशेबाने तो विसावा भाग असायला हवा होता. रक्तवाहिन्यांना थोडासा धूरही पुरतो. वर वेपचं निकोटीन दिवसभर चालूच. सिगारेट शून्यावर आली तरच फायदा.

निकोटीनने कॅन्सर होतो का?

कॅन्सर करतात ती तंबाखूतली आणि धुरातली इतर रसायनं. निकोटीनचं मुख्य काम व्यसन लावणं. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. गरोदरपणात ते बाळाच्या मेंदूला आणि फुप्फुसांना बाधक ठरतं. आणि मेंदूची वाढ विशी ओलांडेपर्यंत चालू असते, त्या वयात निकोटीन लक्ष आणि शिकण्यावर परिणाम करतं. शिवाय व्यसन मोठ्या माणसापेक्षा लवकर जडतं.

हे सांगण्याचं एक कारण आहे. बरेच जण विडी बिनधास्त ओढतात आणि गम घ्यायला घाबरतात, "त्यात निकोटीन आहे" म्हणून. गममधलं निकोटीन थोडं, हळूहळू आणि धुराशिवाय येतं. ती भीती मनातून काढून टाका.

बिननिकोटीनचा, नुसता आंब्याच्या किंवा पुदिन्याच्या वासाचा वेप?

डबीवर शून्य लिहिलं म्हणून आत शून्य असतं असं नाही. तपासण्यांमध्ये अशा द्रवांत निकोटीन सापडलेलं आहे. आणि खाण्यात चालणारा वास तापवून छातीत ओढणं ही वेगळी गोष्ट आहे, पोटाला जे पचतं ते फुप्फुसाला पचत नाही.

वेपने फुप्फुसं निकामी होतात, "पॉपकॉर्न लंग" होतो, हे खरं?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

पहिली: २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्या तरुणांना अचानक धाप लागून दवाखान्यात भरती करावं लागलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेकांनी गांजातला नशेचा घटक असलेलं द्रव ओढलं होतं आणि ते पातळ करायला त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण ठरलं. तो माल मुख्यतः अनधिकृत ठिकाणांहून घेतलेला होता. आपल्यासाठी धडा इथेच आहे, कारण आपल्याकडचा सगळाच माल अनधिकृत.

दुसरी: पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना डायॲसिटिल या लोण्याच्या वासाच्या रसायनामुळे फुप्फुसाच्या बारीक नळ्यांचा न बरा होणारा आजार झाला होता. काही वेपच्या द्रवांत तेच रसायन सापडलं, म्हणून नाव जोडलं गेलं. सिगारेटच्या धुरात ते याहून जास्त असतं. इंग्लंडमध्ये वेपच्या द्रवात ते घालायला बंदी आहे. इथल्या चोरट्या मालाला कसली बंदी?

फुप्फुसाचा कॅन्सर दिसायला वीस-तीस वर्षं लागतात आणि आजच्या धर्तीचा वेप चीनमध्ये २००३ मध्ये बनला. पंधराव्या वर्षी वेप धरलेली पहिली पिढी आज कुठे तिशीच्या आसपास आहे. "वेपने कॅन्सर झालेला कुणी दाखवा" असं म्हणणाऱ्यांना मी हे वय मोजून दाखवते.

मुलाच्या दप्तरात वेप सापडला. काय करू?

एक वडील ते उपकरण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्यापुढे ठेवून गेले होते. हायलायटर पेनासारखा आकार, गुलाबी रंग, कलिंगडाचा वास. मुलाने सांगितलं होतं, पेन ड्राइव्ह आहे. वडिलांनी महिनाभर त्यावर विश्वास ठेवला, कारण सिगारेटचा वास नव्हता, दात-बोटं पिवळी नव्हती, खोकला नव्हता.

अशा एका वापरा-फेका वेपमध्ये २ मिलिलिटर द्रव आणि दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन धरलं, तर आत ४० मिलिग्रॅम होतं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम जातं. वेपमधलं सगळं निकोटीन शरीरात उतरत नाही, तरी ती डबी एखाद्या पाकिटाची किंवा त्याहून जास्त सिगारेटींची भरपाई करते. चोरून येणाऱ्या डब्या याच्या कितीतरी पट मोठ्या असू शकतात. सिगारेट संपली की कळतं, वेप कधी "संपत" नाही. पोरं अभ्यास करताना, पांघरुणात, बाथरूममध्ये ओढत राहतात.

मारू नका, मित्रांसमोर अपमान करू नका. आधी विचारा: कधीपासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला झुरका लागतो? उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन पक्कं जडलं आहे, नुसत्या शपथेवर सुटणार नाही, डॉक्टरांकडे या. दोन-चार वेळाच ओढला असेल तर मोकळं बोलणं बहुधा पुरतं. पैशांचा विषयही काढा, ते पैसे कुठून येतात हे कळणं गरजेचं असतं. आणि स्वतः विडी किंवा मावा चालू असेल तर त्याच दिवशी मुलासोबत सोडायला घ्या. बापलेक एकत्र सोडताना मी पाहिले आहेत, आणि जमतं.

वेप ओढणारी मुलं पुढे सिगारेटही ओढून बघण्याची शक्यता जास्त असते, हेही अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१८ च्या त्या अहवालात नोंदलेलं आहे.

कायदा काय सांगतो?

१८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री (ऑनलाइनही), वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यावर देशभर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजमधला मुलगा मित्रांसाठी चार-पाच डब्या मागवून थोड्या नफ्यात विकतो तेव्हा तो "मित्राला मदत" करत नसतो, विक्री करत असतो. हे मुलांना माहीतच नसतं.

सिगारेट-विडीला बंदी नाही, पण अठरा वर्षांखालच्यांना आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकता येत नाही. महाराष्ट्रात सुटी सिगारेट-विडी विकायलाही २०२० पासून बंदी आहे. टपरीवर काय दिसतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. घातक असलेली विडी खुलेआम आणि तिच्याहून कमी घातक वेपवर बंदी, हे विचित्र नाही का, असं विचारणारे असतात. विचित्र आहेच. पण त्यावर उपाय म्हणून आणखी एक व्यसन बाजारात खुलं करणं मला पटत नाही, विडीवरचे नियम पाळले जावेत असं वाटतं.

हुक्का?

पाण्यातून गेला म्हणून धूर गाळला जात नाही, थंड होतो एवढंच, आणि त्यामुळे तो जास्त खोल ओढला जातो. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. महाराष्ट्रात हुक्का पार्लरना २०१८ पासून बंदी आहे.

मी काहीच ओढत नाही, फक्त मावा खातो.

महाराष्ट्रात खरं संकट हेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यात बहुतांश चघळणारे, मावा-मिश्री-खैनीवाले. माव्यातली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसला तरी. आरशासमोर उभे राहा आणि तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी आत घालून बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरा पट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. मावा सोडून वेप धरलेली मुलंही मी पाहिली. तोंड वाचलं म्हणून ती खूश असतात, पण काही महिन्यांत बहुतेकांचं दोन्ही चालू झालेलं असतं.

घरात ओढलं तर बाकीच्यांना त्रास होतो का?

विडी-सिगारेटचा होतो, नक्की होतो. लहान मुलांना दमा आणि न्यूमोनिया, मोठ्यांना हृदयविकार आणि फुप्फुसाचा कॅन्सर. वेपच्या धुक्यातून बाजूच्याला त्यापेक्षा बरंच कमी मिळतं, तरी निकोटीन आणि बारीक कण हवेत येतातच. दोन खोल्यांच्या घरात बाळ असेल तर दोन्ही बाहेर.

इतकी वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि तो मोजलेला आहे. ब्रिटिश डॉक्टरांवरचा १९५१ मध्ये सुरू झालेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. ओढत राहिलेल्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी झालं. तिशीत सोडणाऱ्यांची ती जवळजवळ सगळी १० वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची ९, पन्नाशीत ६ आणि साठीत ३. शेवटची विडी विझवल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळपास अर्धा होतो.

सुरुवातीला काहींचा खोकला वाढतो आणि ते घाबरून पुन्हा ओढतात. ती छाती स्वच्छ होण्याची खूण असू शकते. तीन-चार आठवड्यांनी थांबला नाही किंवा रक्त पडलं तर मात्र दवाखाना गाठा.

सुरुवात कुठून करू?

विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून एक नंबर छापलेला असतो: १८००-११२-३५६. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, फोन मोफत. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या छातीविकार किंवा मानसोपचार ओपीडीत विचारा.

गमबद्दल एक गोष्ट नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. निकोटीन गम च्युइंगगमसारखी किंवा माव्यासारखी सारखी चघळायची नसते. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा, जिभेला झिणझिणी किंवा मिरमिर लागली की थांबा. गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिरमिर ओसरली की पुन्हा थोडं चावा, दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, सरबत, कोल्ड्रिंक काही नको, नाहीतर निकोटीन शोषलंच जात नाही. भराभर चघळली की लाळेबरोबर पोटात जाते, मळमळतं, उचकी लागते आणि माणूस म्हणतो, "गम आपल्याला सूट होत नाही." मावा खाणाऱ्यांचं हमखास असं होतं. २ मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मिळते. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमची लागते, त्यासाठी डॉक्टरांना भेटा. पॅच आणि गम एकत्र वापरल्याने एकट्या गमपेक्षा जास्त जणांची सवय सुटते. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळ्यांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या.

तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा सगळ्यात कठीण. टपरीवरचा चहा तेवढे दिवस घरी प्या.

वेप सोडताना काही वेगळं?

मार्ग तेच. फरक एवढाच की वेपला "दिवसाला किती" हे मोजमाप नसतं, म्हणून आधी दोन दिवस प्रत्येक वेळ कागदावर लिहा, मग तारीख ठरवा. वेप सुटला म्हणून सिगारेट हातात येऊ देऊ नका. तसं वाटू लागलं तर आधी हेल्पलाइनला फोन करा.

सोडल्यावर ते उपकरण कुठे टाकू?

घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात नको आणि चुलीत तर मुळीच नको. आत लिथियमची बॅटरी असते, दाबली किंवा तापली तर पेटते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना गाडीच्या डिकीत ठेवणंही धोक्याचं. द्रव उरलं असेल तर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यातलं थोडंसंही पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि गोड वासामुळे मुलं ते तोंडात घालतात. चुकून घातलंच तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता डबी सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा. बाकी उपकरण ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तोवर बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून उंच कपाटात ठेवा.